खानदानी घराचं माप

—नाही हो अक्का, बांगड्या भरल्या असत्या तर मला काही वाटलंच नसतं. दिवाळीनंतर बहिणीच्या सासरी गेलं, तिथे लखारा आलेला होता, तिच्या सासूनं चार लाखेच्या बांगड्या हातात चढवायला लावल्या — त्यात काय एवढं? पण त्यांनी नुसतं माप घेतलं. लखारा चौकात शेगडी पेटवून बसला होता, तापल्या लाखेचा वास घरभर झाला होता, जीजीच्या दोघी नणंदा हात पुढे करून बसल्या होत्या — जीजी म्हणजे माझी मोठी बहीण, धनकुंवर, धुळ्याला दिलीय — आणि तिची सासू सूरजबाई मला म्हणाली, 'लाड बाई, थारो हाथ तो दे.' मी दिला. हसत दिला. लखाऱ्यानं माझी बोटं एकत्र दाबली, अंगठा आत वळवला, एक कडं चढवलं, उतरवलं, दुसरं चढवलं, सूरजबाईकडे बघून मान हलवली, तेही उतरवलं — आणि झालं. माझा हात मला परत. रंग कुठला हवा, विचारलं नाही. टिकल्या लावायच्या की साध्या, विचारलं नाही. नणंदांचे हात भरले, लखाऱ्यानं शेगडी विझवली, सामान आवरलं, आणि मी आपली हात पुढे धरून बसलेली — आता भरतील, मग भरतील म्हणून —

आई गं! काय वाजलं? — शिक्का होय. पोस्टाचा शिक्का. सकाळपासून मारताहेत आणि सकाळपासून मी दचकतेय. तुम्ही हसा, घरीही हसतात. पण उठू नका हं अक्का, बसा जरा. तुमचे दीर तिकडे तार लिहून घेताहेत, त्यांच्यापुढे चांगली लांब रांग आहे. मला इथे एकटीनं बसवत नाही. मी धुळ्याला ट्रंककॉल लावलाय. दोनदा लागला आणि दोनदा तो खिडकीतला माणूस ओरडला, 'धुळे — रिप्लाय नाही!' जणू मीच उत्तर दिलं नाही असा माझ्याकडे बघून. आता तिसऱ्यांदा लावतो म्हणालाय. घरी सांगून आलेय, लायब्ररीत जाते. हे बघा, पुस्तकंही आणलीत. आणि तुमच्या गावात आमच्या समाजाचं एकही घर नाही म्हणालात ना? म्हणून तर बोलतेय. नाहीतर आमच्यात असलं कुणाजवळ बोलत नाहीत. खानदानी घरातल्या गोष्टी —

काय म्हणालात? खानदानी म्हंजे काय शे? — अक्का, हा प्रश्न आमच्या घरात एकदा, एकदाच कुणी विचारला असता ना! थांबा, मी सांगते. बी.ए.ला मराठीच घेतलंय मी, शब्द दिला की अर्थ सांगायची सवय आहे. कोशात बघाल तर एक ओळ — कुलीन, घरंदाज, चांगल्या घराण्यातला. संपलं. कोश करणाऱ्यांना मुली द्यायच्या नसाव्यात. बाहेर तो शब्द कसा वापरतात ते बघा. स्टेशनच्या रस्त्यावर तंबू ठोकून तो जडीबुटीवाला बसतो, त्याच्या फडक्यावर काय लिहिलंय? खानदानी वैद्य. टांगेवाला म्हणतो, बसा बाई, घोडा खानदानी आहे, उधळणार नाही. तुमच्याकडे बाजारात बैलालाही म्हणत असतील — म्हणतात? बघा! वैद्य, घोडा, बैल — आणि माझ्या जीजीचं सासर. आणि नुसता पैसा असला म्हणजे खानदानी नव्हे हं. एखाद्यानं कापसाची नवी जिनिंग काढली, मोटार घेतली, तरी बाबूजी म्हणतात, 'कालचा आलेला आहे.' पैसा गेला तरी खानदानी राहता येतं, फक्त मग पडदे जाड लावावे लागतात. खानदानी माणूस ताटावर बसून दुसऱ्यांदा मागत नाही. खानदानी बाई खिडकीशी उभी राहत नाही, जिन्यावरून हाक देत नाही, हसली तर पदराच्या आत हसते. खानदानी माणूस भाव करत नाही — आमचे बाबूजी बाजारात वांग्यांसाठी भांडभांड भांडतात, पण ओळखीचं कुणी येताना दिसलं की बाई मागेल ते देऊन चालायला लागतात, आणि मग घरी येईपर्यंत चरफडतात. आणि यातली गंमत अशी, की स्वतःला खानदानी म्हणवून घ्यायची सोय नाही. ते दुसऱ्यांनी म्हणायचं असतं. आणि त्यांनी म्हणत राहावं म्हणून आपण जन्मभर तसं राहायचं.

जीजीचं ठरलं तेव्हा मामा धुळ्याहून आले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि बाबूजींना म्हणाले, 'भिकमचंदजी, घर खानदानी आहे.' बस. मुलाचा स्वभाव कसा, घरात उजेड-वारा कितपत, सासू कशी — काही नाही. तो शब्द आला ना, की बाकीचे सगळे प्रश्न उठून आत निघून जातात, अक्का, बाहेरचे पुरुष आले की बायका जातात तसे. जीजी दाराआड उभी होती. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता आनंदानं. खरंच आनंदानं. आम्हाला दोघींनाही वाटलं होतं, खानदानी म्हणजे काहीतरी मिळतं. चीनच्या लढाईचं साल होतं. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत धुळ्याच्या चौकात सभा झाली, देशासाठी सोनं गोळा करत होते, तिथे ज्ञानचंदजींनी — तिच्या सासऱ्यांनी — स्टेजवर चढून पाटल्या दिल्या. टाळ्या काय, हार काय! बाबूजी इथे दुकानात आल्यागेल्याला सांगायचे, 'आमच्या व्याह्यांनी हो!' पाटल्या जीजीच्या होत्या. तिला विचारलंसुद्धा नव्हतं. ती मला म्हणाली, 'लाडू, चांगल्याच कामाला गेल्या ना?' अशी आहे ती. तिचं काहीही न्या, ती म्हणेल चांगल्याच कामाला गेलं.

मग खोकला आला. — हो, तोच. तुम्ही लगेच ओळखलंत. तुमच्या गावात ओळखतात, नाव घेतात, औषध देतात किंवा देत नाहीत, पण नाव तरी घेतात. खानदानी घरात तो रोग होत नाही, अक्का. खानदानी घरात 'कमजोरी' होते. 'तब्येत नाजूक आहे बहूची.' तिला थकवा येतो ना, म्हणून तिचं ताट वर माडीवर पाठवतात — प्रेमानं! ते ताट वेगळं असतं, ते वेगळं घासतात, वेगळ्या कोनाड्यात ठेवतात, पण बोलायचं असं, की तिला विश्रांती हवी. डॉक्टर येतात ते मागच्या बोळातून, मोटार पलीकडच्या आळीत उभी करून. ताकदीची सुई टोचतात, चहा घेतात, जातात. छातीचा फोटो काढलेला नाही. का? तर फोटो काढायला दवाखान्यात न्यावं लागतं. नेलं की कुणीतरी बघतं. बघितलं की नणंदांची लग्नं अडतात. औषधच नसतं ना, तर मी गप्प बसले असते, खरंच सांगते. रडले असते आणि गप्प बसले असते. पण औषध आहे! आमच्या कॉलेजात एक प्रोफेसर आहेत, त्यांना हाच रोग झाला होता, सरकारी दवाखान्यात सुया घेतल्या, गोळ्या घेतल्या आणि आता परत तास घेतात. खणखणीत आवाजात शिकवतात. मी पहिल्या बाकावर बसून त्यांच्याकडे बघत असते आणि शिकवलेलं एक अक्षर ऐकू येत नाही मला. यांना घरच्यांनी जाऊ दिलं, एवढंच मनात येतं. कारण हे खानदानी नाहीत.

मोठ्यानं बोलले का मी? तो माणूस बघतोय इकडे. — नाही? बरं.

लखारा गेल्यावर मी वर माडीवर गेले. खिडकी बंद. जीजी भिंतीला टेकून बसली होती, तिची बांगडी मनगटात ठरत नाही आता, हात वर केला की कोपरापर्यंत घसरते, म्हणून तिनं वरून दोरा गुंडाळलाय. मला म्हणाली, 'बघू, कुठल्या भरल्यास?' मी म्हटलं, 'माझं नुसतं मापच घेतलं गं.' — अक्का, ती हसत होती ना, ते हसू तसंच राहिलं तोंडावर, पण ती त्यात नव्हती. मग म्हणाली, 'लाडू, तू आता इकडे येऊ नकोस. माझं काही कळलं, तरी येऊ नकोस. रडायलासुद्धा येऊ नकोस.' मला वाटलं, तापात बोलतेय. मी म्हटलं, 'तूच चल माझ्याबरोबर, आत्ता चल.' तर म्हणाली, 'हळू बोल. खाली ऐकू जातं.' मरायला टेकलेली बाई मला हळू बोल सांगते! आणि मी हळू बोलले, अक्का. मीही हळूच बोलले.

निघताना सूरजबाईनं मला पाटावर बसवलं. माझ्या पदरात नारळ घातला, साखर घातली, वर एक रुपया ठेवला. — बघा, तुमचा चेहरा कसा झाला! कुमारिकेची ओटी! तुम्हाला एका क्षणात कळलं. मला नाही कळलं. मी कॉलेजात जाते ना. मला वाटलं, खानदानी घरची रीत असेल, पाहुण्या मुलीला रिकामं पाठवत नसतील. मी वाकून पाया पडले, पदर नीट सावरून धरला, एक कण साखर सांडू दिली नाही. सूरजबाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'घर नीट बघून घेतलंस ना?' मी म्हटलं, हो. मी हो म्हटलं, अक्का! दाराशी जीजाजी उभे होते, कांतीलालजी, जीजीचे मालक. त्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे बघितलं आणि बाजूला झाले. माणूस वाईट नाही. मारत नाहीत, ओरडत नाहीत. खानदानी आहेत. वडिलांसमोर बसत नाहीत, वडिलांसमोर बायकोचं नाव घेत नाहीत. बायको मरतेय हे वडिलांना सांगायचं, तर आधी बायको हा शब्द तोंडातून काढावा लागेल ना? तिथेच अडलंय त्यांचं.

एस.टी.त बाबूजींचे मुनीम पुढे बसले होते आणि माझ्या शेजारी एरंडोलची एक बाई. तिनं माझ्या मांडीवरचा नारळ बघितला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, 'काय वं माय, कुठं जमनं तुनं?' कुठे जमलं तुझं! मी हसून म्हणणार होते, कुठेच नाही — माप. नारळ. घर बघून घेतलंस ना. मुनीमजींनी मागे वळून बघितलं, आणि माझा चेहरा बघून पटकन पुढे बघायला लागले. — जीजी जिवंत आहे, अक्का! ती वर बसून दोरा गुंडाळतेय बांगडीला, आणि खाली तिच्या जागेचं माप चाललंय. बहिणीच्या जागी बहीण दिली की बाहेर कुणाला काही विचारायला राहत नाही, रोगाचं नाव घरातल्या घरात राहतं, दोन घरांचा संबंध टिकतो. कुणी वाईट म्हणणारसुद्धा नाही. म्हणतील, किती खानदानी माणसं, मुलीला परकं नाही केलं.

घरी आले आणि नारळ माँच्या हातात दिला. म्हटलं, आता विचारेल, हा कशाचा. विचारलं नाही. स्वयंपाकघरात नाही नेला. देवाजवळ ठेवला आणि म्हणाली, 'हातपाय धू.' फोडला नाही तो अजून. रोज पूजा करताना त्याच्यावर दोन फुलं वाहते. म्हणजे माँला ठाऊक आहे. असू दे. माँला ठाऊक असून काय होतं? आमच्या घरात बायकांना ठाऊक असणं म्हणजे कुणालाच ठाऊक नसणं.

बाबूजींना ठाऊक नाही. हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. बाबूजी कसेही असू देत — भोळे आहेत, मोठ्या लोकांच्या नावानं हरखून जातात, त्यांना 'व्याही' म्हटलं की त्यांचा ऊर भरून येतो — पण मला कॉलेजात कुणी घातलं? समाजातले लोक दुकानात येऊन बोलले, पोरगी हाताबाहेर जाईल. बाबूजी म्हणाले, 'जाऊ दे. माझी लाडू शिकणार.' पहिल्या दिवशी स्वतः फाटकापर्यंत सोडायला आले होते, आणि मी आत गेले तरी बाहेर उभेच. त्यांना कुणी असं विचारलंच ना, की धाकटी द्या, तर ते पगडी भिरकावून देतील ज्ञानचंदजींच्या अंगावर. देतीलच. जीजीचंही त्यांना नीट कुणी सांगितलेलं नाही. 'कमजोरी' सांगितलं, त्यांनी कमजोरी ऐकलं. — मग त्यांनाच सांग की, म्हणता? सांगणार होते. रोज सांगणार होते. जेवायला बसले की जवळ जाऊन उभी राहते, ते मान वर करतात आणि म्हणतात, 'धुळ्याची माणसं म्हणजे देवमाणसं हो, लाडू. आपलं भाग्य.' आणि असं म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. ताटाकडे बघतात. पूर्वी बघायचे. मग मला वाटतं, मी सांगितलं आणि ते म्हणाले, मला माहीत आहे — तर? तर मी कुणाला सांगू मग?

हे मी काय बोलले! नाही, असं काही नाही, अक्का. तसं काही नाही. ताटाकडे बघणारच माणूस, जेवताना. भूक लागलेली असते.

म्हणून जीजाजींशी बोलायचंय. या वेळेला सासरे उपाश्रयात महाराजांच्या व्याख्यानाला जातात, पेढीवर फोन जीजाजीच उचलतात. काय म्हणायचं ते मी पाठ केलंय. जीजाजी, तिला आज दवाखान्यात न्या, आज. दिवसाढवळ्या न्या, पुढच्या दारानं. आणि दुसरं — माझ्या नावाचा चुडा करायला टाकला असेल तर तो मोडून टाका, मी येणार नाही, माझे वडील मला देणार नाहीत. दोनच गोष्टी. पण ट्रंकवर ओरडावं लागतं ना! त्याशिवाय पलीकडे ऐकू जात नाही म्हणे. मी तर क्षय हा शब्द आजवर मोठ्यानं म्हटलेला नाही. आता या सगळ्यांच्या देखत — तो टोपीवाला बसलाय, तो ओळखीचा तर नाही ना? — यांच्या देखत ओरडायचा. भिकमचंदजींची मुलगी पोस्टात उभी राहून क्षय क्षय ओरडत होती. एवढंच राहील लोकांच्या लक्षात. आणि जीजाजी म्हणतील, 'बरं.' मला माहीत आहे ते काय म्हणतील. 'बरं, बघतो.' आणि खाली ठेवतील. मग चपलांकडे बघतील. काही होणार नाही, अक्का. मला इथे येतानाच कळत होतं, काही होणार नाही. पण तिनं मला हळू बोल म्हटलं, त्याला एकदा तरी कुणी मोठ्यानं —

काय? धुळे? धुळे म्हणाला का तो? — माझा! माझाच आहे! — हे धरता का, अक्का, पुस्तकं? पडतील माझ्या हातून. या, तुम्हीपण या ना इथपर्यंत, या खोक्याचं दार लागत नाही, उभ्या राहा नुसत्या. — हॅलो! हॅलो! — वाजतेय, अक्का. पलीकडे घंटा वाजतेय. — उचला. उचला ना कुणीतरी. पेढी उघडी असते या वेळेला, का नाही उचलत — उचला हो —

हॅलो! हॅलो, ज्ञानचंदजींची पेढी? — मी जळगावहून, लाडकुंवर! मध्ये बोलू नका, आधी ऐकून घ्या! जीजीला क्षय झालाय! — क्षय! ऐकू येतंय? कमजोरी नाही, क्षय! तिला दवाखान्यात न्या, आज न्या, ती बरी होईल! आणि माझी वाट बघू नका! ऐकलंत? माझे बाबूजी या गोष्टीला कधीच हो म्हणणार —

हॅलो? जीजाजी? बोला ना. — कोण? कोण बोलतंय?

तुम्ही? तुम्ही तर सकाळी चोपड्याला म्हणून —

बाबूजी?